चोचीच्या माशाची सोय

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा घरांतल्या आणि दवाखान्यांतल्या माशांच्या टाक्यांची देखभाल, आज शनिवारी सकाळी स्वतःच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणी भरीस घातलेले नाही, कुणाचा धाक नाही. माझी शुद्ध जाग्यावर आहे. हृदयाची एक झडप मात्र जाग्यावर नाही. ती बुधवारी बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, शंभरातले सत्त्याण्णव जण चालत घरी जातात. उरलेल्या तिघांनी कागद करून ठेवले होते का, हे विचारायचे राहून गेले.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. राहत्या दोन खोल्या, त्यांतल्या सामानासह, माझ्या पत्नीच्या. तिने त्या ठेवाव्या की विकाव्या, हे तिचे तिने पाहावे. माझ्या थोरल्या भावाने यात सल्ला देऊ नये. आईचे घर विकताना त्याने मला सहीपुरते बोलावले आणि दारातूनच परत पाठवले. मी ते विसरलो आहे असे त्याला वाटते, म्हणून लिहून ठेवतो.

२. बँकेत जे असेल ते पत्नी आणि मुलगी यांचे, निम्मे निम्मे.

३. रोज सकाळी ज्या सतरंजीवर मी डोळे मिटून बसतो, ती मुलीला. तिने तीवर बसलेच पाहिजे असे नाही. घडी घालून कपाटात ठेवली तरी मला पोहोचेल.

(इथे उठून टाकी पाहून आलो. अकराचे खाणे व्हायचे आहे. अजून वीस मिनिटे आहेत.)

४. धंद्याची हत्यारे, म्हणजे सहा बादल्या, लांब चिमटा, काच घासायच्या पट्ट्या, दोन पंप, पाण्याचा खारटपणा मोजायची काचेची नळी आणि सगळे पाइप, माझ्या जुन्या भागीदाराला. त्याला बाजारात नळ्या म्हणतात. पाइप तोंडाने ओढून टाकी रिकामी करायला घेणारा तो एकटाच. खारे पाणी गिळून गिळून त्याचा आवाज बसला आहे असे लोक म्हणत, पण तो जन्मतःच तसा आहे. आमचे सहा वर्षे बोलणे नाही. ते का, हे पुढच्या कलमात येते. ते कलम लिहायचे टाळण्यासाठी मी आत्तापर्यंत दोनदा पेन्सिलीला टोक काढले, आणि लिहितो आहे पेनाने.

५. मासा. हा समुद्रातला मासा आहे. अंग पांढरे, त्यावर तांबूस उभे पट्टे, तोंडाला लांब चोच. डॉक्टरीणबाईंच्या दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीतल्या टाकीत तो होता. गेल्या महिन्यात तिथे एका लहान मुलीने मला विचारले, "काका, हा मासा कागदाचा आहे का?" मी समोरून पाहिले. बाजूने कुठलाही मासा धडधाकट दिसतो. समोरून पाहावे. याच्या डोळ्यांमागचे मांस आत गेले होते, पोटाला खळगा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे घेऊन जा. माझ्या पेशंटसमोर मरायला नको."

तो आज सव्वीस दिवस माझ्याकडे लहान टाकीत आहे. पहिले तीन दिवस त्याने काहीच घेतले नाही. चौथ्या दिवशी मी शिंपला उघडून ठेवला, तेव्हा त्याने फटीत चोच घातली. मग आर्टेमिया घेऊ लागला. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक किडे. सुकी अंडी मिळतात, ती मीठपाण्यात घातली की दिवसभरात फुटतात. दिवसातून आठदा देत होतो, प्रत्येक वेळी फस्त करत होता. पत्नी म्हणाली, "अहो, एका जिवासाठी रोज हजार जीव?" टाकताना मी मनातल्या मनात क्षमा मागतो, आणि टाकतो.

पण तो खात होता आणि वाळत होता. बाराव्या दिवशी पोटाचा खळगा आणखी खोल झाला. माझे कशात लक्ष लागेना, बसलो की उठायचो. मुलगी औषधांचे शिक्षण घेते. तिने घरातल्या बरणीतला थेंब काचेवर घेऊन भिंगाखाली धरला.

"बाबा, हे किडे किती दिवसांचे?"

"दोन-तीन."

"यांच्या पोटात काहीच नाही. तुम्ही त्याला काचा खायला घालताय."

खरे होते. किडा अंड्यातून निघतो तेव्हा काही तास त्याच्या अंगात बलक असतो. तो संपला की नुसती टरफले पोहत असतात. त्यांना आधी शेवाळाच्या हिरव्या पाण्यात बारा तास ठेवून खाऊ घालावे लागते, मग ते माशाला द्यायचे; त्या दिवसापासून तसेच देतो. वीस वर्षांच्या धंद्यात मी हे कधी केले नाही. अंडी फोडायची आणि बरणी संपेपर्यंत चारायची, एवढेच मला ठाऊक. मोठे मासे सुक्या खाण्यावर निभावत, म्हणून चूक उघडी पडली नाही.

एकदा पडली होती. मी पाहिली नाही.

सहा वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात मी तीन आठवडे गावी होतो. त्याच दवाखान्यात तेव्हा असेच चार नाजूक मासे होते. मी नळ्याला बरण्या भरून दिल्या आणि सांगितले, तिन्ही वेळा हेच द्यायचे, दुसरे काही नाही. परत आलो तर दोन मेलेले, दोन पात्यासारखे झालेले, तेही पुढे गेले. बाकावर पेशंट बसले होते. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "तू खायला घातलंच नाहीस. माझ्यामागे झोपा काढल्यास."

"घातलं रे. तिन्ही वेळा. खात होते."

"खाणारा मासा असा होतो? खोटं तरी नीट बोल."

त्याने बादली खाली ठेवली, हात पुसले आणि निघून गेला. तो खरे बोलत होता. त्याने तिन्ही वेळा घातले होते. रिकामे मी भरून दिले होते.

म्हणून हा मासा मी नळ्याला देतो. त्याच्याइतका नेमाने खायला घालणारा माणूस मला माहीत नाही.

६. खाण्याचा क्रम. सकाळी सातपासून दर दोन तासांनी, चिमूटभरच. तो मागतो म्हणून वाढवू नये; उपाशी पोटावर एकदम भार पडला तर मरतो. उरलेले दहा मिनिटांत काढावे. दिवसाआड एक शिंपला. सगळ्यात आधी किड्यांना खायला घालावे.

इथवर शनिवारी लिहिले. पत्नीने वाचले आणि चष्मा काढला.

"हे कधी उघडायचं?"

"मी गेल्यावर."

"आणि तुम्ही नाही गेलात तर? आठवडाभर दवाखान्यात पडून राहिलात तर तोवर मासा काय करेल? का तुम्ही मरायची वाट बघेल?"

पाचव्या कलमात मी जे लिहिले ते जिवंतपणी तोंडाने सांगायला लागू नये, म्हणूनच मी ते या कागदात घातले होते. हे तिने ओळखले. छत्री आणून हातात दिली.

नळ्या आता एका पोहण्याच्या तलावावर पाणी राखतो. लांब दांड्याच्या जाळीने पाने काढत होता.

"काय महाराज, पोहायला?"

"एक मासा आहे. बारीक झालाय. बुधवारी माझं ऑपरेशन आहे."

"मग मुलीला सांग."

"तिची परीक्षा आहे. आणि मला तूच हवास. नळ्या, ते चार मासे माझ्यामुळे मेले. बरणीतले किडे रिकामे होते. तू घालत होतास."

जाळी पाण्यात तशीच राहिली. पाने पुन्हा बाहेर तरंगू लागली.

"सहा वर्षं मी आठवून बघतोय," तो म्हणाला. "मीठ चुकलं असेल. पाणी गार झालं असेल. एखादी वेळ राहिली असेल. या पाण्यात मरण्यासारखं काही नाही, म्हणून ही नोकरी धरली."

मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर म्हणाला, "ऊठ, झडप निघेल."

मग म्हणाला, "मला एकट्याला सांगून काय उपयोग? शिवी तू चारचौघांत दिलीस."

७. सोमवारी सकाळी मी, पत्नी आणि नळ्या असे तिघे दातांच्या दवाखान्यात गेलो. बाकावर पाच पेशंट होते, एकाचा गाल सुजलेला. मी कलम पाच उभे राहून मोठ्याने वाचले. सुजलेल्या गालाचे गृहस्थ म्हणाले, "जरा हळू वाचा, बायकोला फोनवर ऐकवतोय." डॉक्टरीणबाई हातमोजे घालूनच दारात उभ्या राहिल्या.

ओळखीच्या वकिलांनी बजावले आहे की ज्याला काही मिळणार त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये. नळ्याला विचारले, बादल्या हव्या की सही करतोस? तो म्हणाला, "सही करतो. मेलेल्या माणसाच्या बादल्या कोण उचलेल? द्यायच्या तर आत्ता दे." म्हणून कलम चार मी रद्द करतो. हत्यारे आज त्याच्या हाती दिली. कलम पाचमधले मासा देण्याचे वाक्यही रद्द. मासा माझ्याच घरी राहील, नळ्याने तलावावर रजा टाकली आहे आणि तो दिवसातून आठदा येईल. बाकीचे कलम पाच जसेच्या तसे ठेवावे.

माझ्यामागे कुणी रडत बसू नये. आधी घड्याळ पाहावे.

ठिकाण: दातांचा दवाखाना, बाहेरची खोली, रिकाम्या टाकीशेजारी.
दिनांक: चौदा, सोमवार, सकाळी पावणेदहा.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार एक: (सही) दातांच्या डॉक्टर. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. ते शुद्धीवर आहेत, नाडी जलद आहे.

साक्षीदार दोन: (सही) नळ्या. वाचले. माझ्यासमोर सही झाली. नऊचे खाणे मीच घालून आलो. समोरून पाहिले. डोळ्यांमागे भरत आले आहे. अकराला पुन्हा जायचे आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.