पायी येणाऱ्यांसाठी

बाई, 'संहिताकरण' हा शब्द मी आजही दोनदा तपासतो. 'हि' ऱ्हस्व की दीर्घ? आठवीत तुमच्या वर्गातून शाळा सुटली, तेव्हापासूनची ही धास्ती.

वकिलांच्या कचेरीत शिपाई होतो. तिथे तो शब्द कानावर पडला आणि अर्थ विचारायला दिल्लीत तुमच्या पहाडगंजच्या खोलीवर आलो. तुम्ही पोहे परतताय. ओट्यावर मसाल्याच्या पुड्या कशाही पडल्यात. "अरे, डब्यात लाव पाहू त्या." मी जिरं, मोहरी, हळद वाट्यांत भरतो. "नवीन काही घातलंस?" "नाही बाई." "नुसतं गोळा करून जागच्या जागी लावलंस. विखुरलेल्या कायद्यांचं असं केलं की ते संहिताकरण. पदरचं काही घुसडलंस, तर ती लबाडी."

पुढे जमिनींचे कागद करता करता बरं चाललं, नोएडात फ्लॅट झाला, गाडी आली. सोसायटीचा सेक्रेटरी झालो. जुन्या ठरावांची चिटोरी एका वहीत उतरवली आणि वर ठळक लिहिलं, 'नियमों का संहिताकरण'. शेवटी एक नियम पदरचा घातला : बाहेरून पायी येणाऱ्यांनी मागच्या फाटकाने यावं. पुढे नुसत्या गाड्या दिसाव्यात, एवढंच डोक्यात होतं. सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या.

मे महिन्यात तुम्ही न कळवता आलात, बसने, हातात खरबूज घेऊन. चौकीदार म्हणाला, "माताजी, पैदलवाले पीछे से. किताब में लिखा है." तुम्ही ती वही मागून वाचलीत आणि भर उन्हात वळसा घालून वर आलात. चेहरा लालबुंद. तरी हसत होतात. "अक्षर तुझंच! आणि शब्दही बरोबर वापरलायस हो." मग पाणी पिता पिता थांबलात. "तो शेवटचा नियम, आधीपासूनचा ना रे?"

"पहिल्यापासूनची पद्धत आहे, बाई."

"मग ठीक. असेल तर लिहायलाच हवा."

निघताना मी म्हटलं, पुढून चला, गाडीने सोडतो. "छे, नियम तो नियम," म्हणत तुम्ही मागच्या फाटकाकडे वळलात. मी गॅलरीतून बघत राहिलो, हाक मारली नाही. त्याच वर्षी थंडीत तुम्ही गेलात.

आता गाडी विकली. मीही पायीच येतो, पुढच्या फाटकातून. मला कोण अडवणार? हे त्याच वहीच्या कोऱ्या पानावर लिहितोय. पान फाडून खिशात ठेवीन. पेन खरं तर तो नियम खोडायला काढलं होतं, बाई. पण खोडला, तर लोक विचारतील, घातला कुणी होता.