बशीतल्या चहावरची फुंकर

आई, मी बाळंतपणाचा क्लास लावलाय. आधी पोटभर हसून घे. ज्या बाईनं बावीस वर्षं प्रसूतिगृहात आयाबाई म्हणून काढली, तिच्या लेकीला हे शिकायला शनिवारी सकाळी चटई घेऊन जावं लागतं, यावर तू हसणारच.

सातवा महिना सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे सासरी सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि तसं धरताना तू नाहीस हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. नऊ वर्षं झाली तुला जाऊन. बाबा दादाकडे पुण्याला असतात, सातपूरच्या आपल्या घरात भाडेकरू आहेत. मग सासूबाईच जुन्या सुती साड्यांचं बोचकं घेऊन नांदगावहून आल्या. त्या दिवसभर दुपटी शिवतात आणि मी क्लासचा विषय काढला की सुई थांबवून माझ्याकडे बघतात. "बाळंतपणाचा बी क्लास? आमच्या टायमाला कुठं व्हतं असलं काय? झालीच ना पोरं!" नवऱ्याला मात्र भलताच उत्साह. त्यानं मोबाइलवर तीन क्लास शोधले. एकात बाळाला पोटातच श्लोक ऐकवतात. मी एक दिवस जाऊन आले, तिथे सगळ्या इतक्या प्रसन्न होत्या की मला धडकीच भरली. दुसरा घरबसल्या, व्हिडिओवर. तिसरा, बाळंतपणासाठी माझं नाव जिथे घातलंय त्याच दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमचा. तिथे लेबर रूम आत नेऊन दाखवतात, कुठल्या वेळी काय होणार ते सांगतात, आणि आपण काय विचारू शकतो तेही सांगतात. मी तोच घेतला. नवऱ्याला सांगितलं, घरापासून जवळ आहे म्हणून.

खरं कारण तुला सांगते. तुला आठवतं का माहीत नाही. मी नववीत होते. शाळा सुटल्यावर घरी कुणी नसायचं म्हणून तुझ्या प्रसूतिगृहातच येऊन बसायचे, कपड्यांच्या कपाटाशेजारच्या बाकावर, दप्तर मांडीवर घेऊन. त्या दिवशी निफाडकडची एक मुलगी आली होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. दार नीट लागलेलं नाही. ती ओरडतेय, आईला हाका मारतेय, आणि तिची आई बाहेर व्हरांड्यात, कारण आत कुणालाच सोडत नाहीत. मग तुझा आवाज येतो, "गप! तुला एकटीलाच व्हतंय का?" आणि चापट वाजल्याचा आवाज. मी फटीतून पाहिलं, तू तिच्या मांडीवर मारलं होतंस. मी रडायला लागले तर तू बाहेर येऊन मलाच दटावलंस, "इथं रडायचं नाय. रडायचं आसंल तर घरी जा." मी गेले, आणि पुन्हा कधी त्या बाकावर बसले नाही. तू कारण विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. घरात तू इतकी मऊ होतीस, आई. त्या खोलीत कोण होतीस, हे मला कधी कळलं नाही, आणि त्याचा राग मी तू असताना कधी बोलून दाखवला नाही. क्लास लावला तो एवढ्यासाठी, की त्या खोलीत मला कुणी गप म्हटलं, तर काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक असावं.

क्लासला येताना बाळंतपणात सोबत राहणारं माणूस आणायला सांगतात. नवऱ्याची कंपनीत शनिवारी सुटी नसते, म्हणून सासूबाई आल्या. पहिल्या दिवशी पदर घट्ट ओढून भिंतीला टेकून बसल्या. मॅडमनी एक बाहुली घेतली आणि बाळ कसं वळत वळत बाहेर येतं ते दाखवलं. सासूबाई हळूहळू पुढे सरकल्या. परतताना रिक्षात त्यांनी पदर सैल केला. मग म्हणाल्या, "दोन झाली मला, पण आत काय चाललंय ते कुणी सांगितलंच नाय गं. मला वाटलं, मी मरतेय." त्यानंतर प्रत्येक शनिवारी माझ्याआधी त्याच तयार असतात.

परवा श्वासाचा धडा होता. कळ आली की समोर मेणबत्ती आहे असं समजा आणि फुंका, पण ज्योत विझू देऊ नका, असं मॅडम म्हणाल्या. सगळ्या फू फू करायला लागल्या. मी डोळे मिटले आणि माझे ओठ आपोआप वेगळेच झाले, थोडे पुढे काढलेले, सैल. मॅडम माझ्यापाशी थांबल्या. "अगदी बरोबर! कुठं शिकलात हो?" आणि आई, तेव्हा मला त्या दुपारचं उरलेलं अर्धं आठवलं. चापट मारल्यावर, बाहेर येऊन मला दटावण्याआधी, तू त्या मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला होतास. "माझ्याकडं बघ. बशीतला चहा कसा फुंकती? तसं फुंक. चल, माझ्यासंगं." आणि तू तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन फुंकत राहिलीस, घरी ओट्याशी उभं राहून बशीतल्या चहावर फुंकायचीस तशीच. ती ओरडायची थांबली होती. मी एवढी वर्षं फक्त चापट जपून ठेवली. चापट चुकीचीच होती, ती मी माफ केलेली नाही. पण फुंकरही तुझीच होती.

मॅडम उत्तराची वाट बघत होत्या. मी म्हणाले, "मोबाइलवर पाहिलं कुठंतरी." दहा बायकांसमोर मला तुझं नाव घेता आलं नाही.

हा कागद सोनोग्राफीच्या फायलीत ठेवतेय, तुझ्याकडे पाठवायची सोय नाही. एक सांगायचं राहिलं. मला तिथे कुणी गप म्हणू नये म्हणून मी एवढा खटाटोप केला, पण आता दिवस जवळ येत चाललेत आणि मला भीती वाटतेय. गप म्हणायला का होईना, तिथे तू हवी होतीस.