एकाच फळीचा तळ

मी, खाली सही करणारा, शवपेट्या बनवणारा सुतार, वय एकाहत्तर, बुद्धी शाबूत, कान थोडे जड, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. हे कोणाच्याही धाकाने लिहिलेले नाही. धाक घालून झालेला आहे, तो लागू पडलेला नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

सही डाव्या हाताची आहे. उजव्या हाताची तीन बोटे माझ्याच टेबलावरच्या शिकंज्यात चेचण्यात आली. चेचणाऱ्यांना आपली भाषा येत नव्हती, त्यामुळे मी घातलेल्या शिव्या फुकट गेल्या. सही वेडीवाकडी असली तरी माझीच आहे.

राहते घर मुलाला. तो वाईट नाही, घाबरट आहे. "बाबा, सगळे करतात. आपणच का नाकाने कांदे सोलायचे?" असे तो म्हणाला, त्याच दिवशी मी हे मृत्युपत्र लिहायला घेतले. त्याने घरात सुखाने राहावे, कारखान्यावर हक्क सांगू नये.

कारखाना, लाकूड, रंधे, करवती आणि तो शिकंजासुद्धा लेकीला. पेटीच्या आतल्या जस्ताच्या पत्र्याची झाळ ती माझ्यापेक्षा चांगली लावते. तोंडावर कधी बोललो नाही, इथे नोंदवतो.

कारखाना सांभाळणे सोपे नाही. पोटासाठी इथे आलेली माणसे मेली की माझ्या पेटीतून विमानाने आपापल्या देशी जातात. मेलेल्याची पेटी वाटेत कोणी उघडत नाही, हे जगभरच्या चोरांनी बरोबर हेरले. त्यांचा माणूस, ज्याला आम्ही अत्तरवाला म्हणतो, मला म्हणाला, "काका, तळाला फक्त एक फळी जास्त. मधल्या फटीचं आम्ही बघू."

"मेलेल्या माणसाच्या पाठीखाली?"

"त्याला कुठे टोचणार आहे?"

मी त्याला हाकलले. बोटे त्यानंतर गेली.

माझी आरामखुर्ची चौकातल्या जुन्या दादाला. तोही हप्ता मागायचा, पण स्वतः येऊन. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. माझ्या बायकोने एकदा त्याच्या आईकडे तक्रार केली, तर महिनाभर फिरकला नाही. या नव्यांना कुंपणच नाही. माल एका देशाचा, पैसा दुसऱ्याचा, हुकूम तिसऱ्यातून फोनवर. तक्रार कोणाच्या आईकडे करायची? दवाखान्यात मला बघायला दादा आला होता. बोटांकडे बघून म्हणाला, "हे काही खरं नाही, मिस्त्री." त्याला रडू आले. खुर्ची त्याबद्दल.

माझी स्वतःची पेटी माळ्यावर तयार आहे. मला कुठल्या विमानात बसायचे नाही, तरी ती नेहमीसारखीच, एकाच फळीच्या तळाची केली आहे. अत्तरवाला सांत्वनाला येईलच, कारखाना कोणाकडे गेला हे बघायला. त्याला आदराने बसवावे. मग लेकीने सगळ्यांसमोर रिकामी पेटी उलटी करून हातोडीने तळ वाजवावा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि हातोडी त्याच्या हातात द्यावी. त्यालाही वाजवू द्यावे. नंतर सांगावे, "आमच्याकडे एवढीच फळी बसते. पुढेही."

मग मला आत ठेवावे.

सही: (डाव्या हाताने) सुतार
साक्षीदार: शेजारचा किल्लीवाला, बोटे शिवणाऱ्या डॉक्टरीणबाई
(लेकीला कारखाना मिळत असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही. ती बाहेर रंधा मारते आहे.)
ठिकाण: कारखाना, शिकंज्याचे टेबल
दिनांक: ९ जानेवारी