जावयाच्या गाडीचं कव्हर

मुर्री,
पाडव्याची सकाळ

आदरणीय भैय्यालालभाऊ यांना कुंजीलालचा मुर्रीहून रामराम, आणि वहिनींना नमस्कार.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींची साखर ताब्यात आहे ना, की दिवाळीच्या नावाखाली दोघांचंही चालू आहे? तुमच्याकडे यंदा धानावर तुडतुडे फार पडले असं कानावर आलं. आमच्याकडेही तेच. संध्याकाळी दिवा लावला की ते किडे वरणात पडतात, चष्म्यावर बसतात, आणि एक तर अशा जागी जाऊन बसला आहे की तिथून आता निघणार नाही. त्याचं पुढे येईलच. तुमच्या बहिणीची, म्हणजे जमुनाबाईची तब्येत ठणठणीत आहे. आवाजही.

खिशात मोबाइल असताना कुंजीलालला पत्राची हौस कुठून आली, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. जावई परवापासून इथे आहेत आणि आमच्या छपरीत माझ्या शेजारच्या खाटेवर लोळत आहेत. फोनवर मी हूं म्हटलं तरी त्यांना ऐकू जातं. म्हणून हे पत्र दुपारच्या देवरीच्या एसटीने पाठवतो, तुम्हाला आजच मिळेल. आत्ता लिहितो आहे तेही त्यांना वाटतं की तुम्हाला मंडईच्या जत्रेचं आमंत्रण लिहून राहिलो. (मंडईचं आमंत्रण आहेच. यंदा दंडारीचा रात्रीचा खेळ चांगला आहे. या.)

तर गोष्ट त्यांच्या गाडीची. आमच्या रविताच्या लग्नाच्या आधीपासून तिलकरावांचा जीव त्या मोटारसायकलीत अडकलेला, हे तुम्ही जाणता. मागच्या दिवाळीत ते मस्कतला नोकरीवर निघाले तेव्हा गाडी तिरोड्याला सख्ख्या भावाकडे ठेवली नाही, आमच्याकडे आणून ठेवली. आपल्या हाताने कव्हर घातलं, खालून बंद बांधले, आणि मला म्हणाले, "बाबूजी, तुमच्यावर भरोसा आहे म्हणून ठेवून राहिलो." त्यांचे बंधू शेजारीच उभे होते. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. माझी छाती त्या दिवशी अशी फुगली की सदऱ्याचं बटण गेलं. सासऱ्याला असा मान सहसा मिळत नाही हो, बहुतेकांना नुसता नमस्कार मिळतो.

त्यानंतर लगेचच तो अवकाळी पाऊस आला. एक पाहुणे धानाची ट्रॉली घेऊन गोंदियाच्या राइस मिलकडे चालले होते, ते आमच्या दारात थांबले, आभाळाकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि कव्हर ट्रॉलीवर गेलं. उद्याच पाठवतो, असं बोलणं झालं होतं. (पाहुण्याचं नाव लिहीत नाही. भावाचं नाव निघालं की बहीण जेवत नाही, हा या घरातला नियम तुम्हाला ठाऊक आहे.)

गाडी तेव्हापासून उघडी. तिला मी छपरीत घेतली होती, पण आमच्या छपरीत सकाळचं ऊन समोरून येतं हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्या गाडीच्या पुढच्या चाकावरचा मडगार्ड आणि सायलेन्सरवरची पट्टी कार्बन फायबरची आहे. म्हणजे काय, तर आत काळी बारीक चटई विणल्यासारखी दिसते आणि वर काचेसारखा थर. ऊन त्या वरच्या थराला बाधतं. उन्हाळा सरेपर्यंत ती चटई दिसेनाशी झाली आणि मडगार्ड जुन्या बरणीच्या झाकणासारखा पिवळट, धुरकट झाला. मी रोज बघत होतो आणि रोज स्वतःला सांगत होतो की धूळ असेल. मग रविताचा फोन आला की हे दिवाळीला येऊन राहिले आणि घरी यायच्या आधी गाडी पाहीन म्हणतात. वर्षभर मिरवलेला भरोसा त्या एका मडगार्डावर येऊन बसला होता. मंडईत तिरोड्याचे समधी, तिलकरावांचे वडील, भेटणार, त्यांच्यासमोर जावई नुसतं गप्प बसले असते तरी मी मेलो असतो.

आता काळं, कडक आणि चमक गेलेलं असं काही दिसलं की आपल्या शेतकऱ्याला एकच सुचतं, बैलाचं शिंग. पोळ्याला मी राजा-परधानची शिंगं अशी चमकवतो की गावात नाव निघतं. म्हणून घेतलं जवसाचं तेल आणि चोळलं मडगार्डाला. काय चमकला, भाऊ! चटई न् चटई दिसली. मी जमुनाबाईला हाक मारली, ती येईपर्यंत शेजारी धानाची मशीन सुरू झाली, आणि त्या तेलावर सगळा कोंडा येऊन बसला. बाई आली तेव्हा मडगार्डाला दाढी फुटलेली होती. तिने नुसता कोंबड्यांना आवाज दिला.

शेवटी मुन्नालालच्या दुकानात गेलो. गोंदियात त्याचं रंगाचं दुकान आहे आणि तो गिऱ्हाइकाला सल्ला आधी देतो, डबा मागून. म्हणाला, "चाचाजी, तेल-वेल छोडो. ऊपर की परत खराब हुई है, वही घिसो. पानी सफेद निकले तो ठीक, काला निकला तो हाथ रोक देना." म्हणजे पांढरं पाणी हे खराब थराचं, आणि काळं आलं तर आपण चटईपर्यंत पोचलो, सामान बाद. त्याने बारीक वॉटर पेपर दिला आणि वरून मारायला क्लिअर लॅकरचे फवाऱ्याचे डबे दिले. मी ते वाक्य देवाच्या नावासारखं जपत घरी आलो.

मडगार्ड आणि पट्टी खोलली, अंगणात बसलो, पाणी लावून हलक्या हाताने घासू लागलो. पांढरं पाणी आलं. दुधासारखं. मन शांत झालं, शिट्टीही वाजवली म्हणतात. ऊन चढलं, घाम सुटला, मी मान खाली घालून घासतोच आहे, आणि एकदम पाण्यात काळी धार दिसली. हात थांबला. पुसून पाहिलं तर पुन्हा काळा थेंब. भाऊ, मी तिथेच मडगार्ड मांडीवर घेऊन बसून राहिलो. समोर तिलकरावांचे बंधू हसताना दिसायला लागले. असा मडगार्ड नवा मिळत असेलही, पण जावयाचा भरोसा कोणत्या दुकानातून आणायचा? खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आल्यावर मडगार्डावर आणखी काळं पडलं.

जमुनाबाई सारवणाचं टोपलं घेऊन चालली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, टोपलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "गाडीचा रंग नाही जाऊन राहिला जी, तुमच्या मिशीचा जाऊन राहिला."

खरंच की. जावई येणार, मंडईत चार माणसं भेटणार, म्हणून त्या दिवशी सकाळीच मी मिशीला आणि कल्ल्यांना कलप लावला होता. घामाबरोबर तो खाली मडगार्डावर ठिबकत होता. ओल्या फडक्याने पुसलं तर मडगार्ड साफ आणि खालची चटई शाबूत. मी इतका हसलो की शेजारचे मशीन थांबवून बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा माझी मिशी पांढरी आहे याचा मला आनंद झाला. जमुनाबाई म्हणाली, तोंड धुवा आधी. ते धुतलं.

लॅकर मारायला धूळ नसलेली जागा लागते, आणि धानाच्या दिवसांत मुर्रीत अशी जागा नाही. मग आतल्या खोलीत मच्छरदाणी बांधली आणि तिच्यात दोन्ही सामान दोरीने लटकवून, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, मी आत शिरलो. एक हात मारला, वाळू दिला, दुसरा मारला. त्याच खोलीत वरच्या फळीवर फराळाचे डबे होते, हे मला कोणी सांगितलं नाही. यंदाच्या अनारशांना जरा लॅकरचा वास आहे. (तुम्हाला पाठवलेला डबा आधीचा आहे. बहुतेक.) शेवटचा हात मारताना मच्छरदाणीच्या फटीतून एक तुडतुडा आत आला आणि ओल्या मडगार्डावर बसला. काढायला जावं तर डाग पडणार, म्हणून राहू दिला. तो आता काचेखाली आहे, पंख पसरून, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल.

आणि परवा तिलकराव आले. बॅग दारात टाकली आणि सरळ गाडीकडे. मी खांबाला धरून उभा. त्यांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं, खाली बसून मडगार्डावर बोट फिरवलं, तुडतुड्याच्या जवळून फिरवलं, आणि उठून माझ्या पाया पडले. म्हणाले, "बाबूजी, नवी होती त्याहून नवी दिसून राहिली." जमुनाबाई आत जाऊन डोळे पुसून आली. परवापासून मला झोप अशी लागते आहे की सकाळी चहा थंड होतो. तर आम्ही असे सुखरूप आहोत आणि कळवण्यासारखं बाकी काही नाही.

आपला,
कुंजीलाल

ता. क. पत्र संपवलं होतं, पण जावई आत्ता पलीकडच्या घरच्यांना माझं कौतुक सांगत आहेत ते ऐकू आलं. म्हणतात, ऊन लागलं की कार्बन फायबर पिवळं पडतं, पण आमच्या बाबूजींनी वर्षभर गाडीवरचं कव्हर हलू दिलं नाही, म्हणून अशी राहिली. नंतर मला विचारलं, कव्हर कुठं आहे? मी म्हटलं, धुवायला दिलं. कुठं दिलं, म्हणाले. माझ्या तोंडून देवरी निघून गेलं. मुर्रीहून देवरीला धुवायला कव्हर का पाठवलं, हे काही अजून त्यांनी विचारलेलं नाही, पण विचारात पडलेले दिसतात. ते मंडई होईपर्यंत इथेच आहेत.

ता. क. २. गाडी आणखी एक वर्ष आमच्याकडेच ठेवणार म्हणतात. भरोसा वाढला आहे.

ता. क. ३. हे तुमच्या बहिणीने लिहायला सांगितलं, म्हणून नियम मोडत नाही. सध्या गाडीवर मागच्या भाऊबीजेला तुम्ही दिलेली साडी टाकली आहे, तेवढीच लांब होती. उद्या ओवाळायला ती वाट बघते आहे. म्हणते, दादाला सांगा, औंदा साडी नको, ताटात कव्हर टाका.