मला जागं राहायचंय

टिटवाळा,
१९ जानेवारी २०२५

ती. मायामावशीस,
रचनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं कानाचं मशीन परत दुरुस्तीला गेलंय असं सम्यकदादाने कळवलं. आता फोनवर मी ओरडून बोलणार, आणि या दोन खोल्यांच्या घरात सासूबाईंपासून शेजारच्यांपर्यंत सगळे ऐकणार. मेसेजमध्ये हे मावणारं नाही. म्हणून पत्र. सिद्धेश खोपटच्या डेपोतून ड्यूटी संपली की वर्तकनगरला तुझ्या हातात देईल. तो उघडून वाचणार नाही. मी बोलायला लागले तरी त्याचा चेहरा उतरतो, वाचायची हिंमत कुठून आणणार?

आठवा लागला. सोनोग्राफी चांगली आलीये आणि डॉ. निशिगंधा म्हणाल्या की सगळं ठीक आहे. त्या ठीक म्हणाल्या की मला घाम फुटतो गं, कारण मागच्या वेळीही शेवटच्या तपासणीपर्यंत ठीकच होतं.

कल्याणला जिथे नाव घातलंय तिथे पाठीत सुई देऊन बिनकळांचं बाळंतपण करतात. सासूबाई म्हणतात, एवढी सोय आहे तर कशाला हाल करून घेतेस. सिद्धेशचंही तेच. मी नाही म्हणून बसलेय. मला एकही इंजेक्शन नको. का, ते तुला सांगायला नको. मागच्या वेळी पोटातच गेलेलं बाळ बाहेर आलं आणि माझ्या दंडात झोपेचं औषध गेलं. जागी झाले तेव्हा तिला पुरूनसुद्धा झालेलं. दोन वर्षं झाली, माझी मुलगी मी पाहिलेली नाही. या वेळी काय व्हायचं ते होऊ दे, मला जागं राहायचंय.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हट्ट मान्य, पण नुसत्या जिद्दीवर कळा निभत नाहीत, तयारी करून या. मग मी तीन ठिकाणी जाऊन आले. कल्याणला ऐश्वर्या मॅडमचा लमाझचा वर्ग आहे. मोठ्या रबरी चेंडूवर बसून डुलायचं, कळ आली की श्वास मोजून घ्यायचा, आणि नवऱ्याने आकडे म्हणायचे. डोंबिवलीला गर्भसंस्कार आहेत, तिथे शांत बसवतात, गाणी ऐकवतात आणि मनात एकही वाईट विचार आणायचा नाही म्हणून बजावतात. तिसरं मोबाइलवर आहे, हिप्नोबर्थिंग म्हणतात. एक बाई अगदी हळू आवाजात सांगते, कळ म्हणू नका, लाट म्हणा, डोळे मिटा आणि बुडत जा.

तू शाळेत एवढ्या मुलांना शिकवलंस, आता मला सांग यातलं काय घेऊ. आणि जमलं तर आणखी एक सांग. त्या दिवशी तू तिथे होतीस. ती दिसायला कशी होती?

तब्येत सांभाळ. या पोरीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
रचना


वर्तकनगर, ठाणे,
२३ जानेवारी २०२५

चि. रचनास,
सप्रेम जयभीम व पोटभर आशीर्वाद.

सिद्धेशने पत्र दिले, चहा घेतला आणि माझा मिक्सर दुरुस्त करून गेला. एसटीचे इंजिन उघडणाऱ्या माणसाला मिक्सर म्हणजे खेळणेच. श्वास मोजायचे काम मात्र त्याच्याकडे देऊ नकोस असे मी म्हणेन. मी त्याच्याकडे तुझी चौकशी केली तर उत्तर द्यायच्या आधी त्याचाच श्वास अडकला.

माझ्या वेळी वर्ग नव्हते. सम्यकच्या वेळेस सरकारी दवाखान्यात एका खोलीत आम्ही चौघी होतो आणि चौघींच्या चार तऱ्हा. एक शिव्या देत होती, एक भिंतीला धरून उभी, एक अगदी गप्प. मी सतराचा पाढा म्हणत होते. सतरा सत्ते नंतर अडले आणि सगळ्या जगावर चिडले. तेव्हा कुठलीच पद्धत पूर्ण लागू पडेल या भरवशावर राहू नकोस. चेंडूवर डुलणे चांगले, पाठीचा ताण उतरतो. श्वासही शीक. कळ आली की तोंड घट्ट मिटायचे नाही, जबडा सैल सोडायचा, आणि आवाज खालच्या पट्टीत काढायचा, किंकाळी नाही. माकडहाडावर कोणी तळहाताने दाबून धरले तर फार बरे वाटते. ते सिद्धेशला शिकव, मोजण्यापेक्षा ते त्याला जमेल.

डोंबिवलीच्या बाईंना माझ्यातर्फे सांग की आईच्या दुःखाने पोटातल्या बाळाला विटाळ होत नसतो. आपल्या घरात तरी हा शब्द पुन्हा शिरायला नको.

वेळेवर जेव. लोखंडाच्या गोळ्या सोडू नकोस. बाकीचे सावकाश बोलू.

असाच जीव लावत राहा.

तुझी,
मायामावशी


टिटवाळा,
९ फेब्रुवारी २०२५

ती. मायामावशीस,
रचनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सगळ्याचं उत्तर आहे त्यात, मी जे विचारलं ते सोडून.

मला यातलं काहीच जमत नाहीये. गर्भसंस्काराला जाणं मी बंद केलं. तिथे आनंदी राहा म्हणतात, आणि मी रडले की मला वाटतं, झालं, आता माझं रडणं याला लागणार आणि हेही जाणार. तुझं वाक्य पाठ करून गेलेले, पण तिथे बसल्यावर तोंडातून फुटलंच नाही. मोबाइलवरची बाई डोळे मिटा म्हणाली की माझे हातपाय गार पडतात. बुडत जा म्हणे. मी एकदा बुडालेच होते ना? वर आले तर काहीच शिल्लक नव्हतं. एकदा ऐकता ऐकता मी मोबाइल भिंतीवर फेकला. सासूबाईंनी काच गोळा केली.

लमाझचं थोडं चाललं होतं. शेवटच्या तासाला ऐश्वर्या मॅडमनी सगळ्यांना सांगितलं की आता कळ आलीये असं समजा आणि तुमच्या बाळाचा चेहरा डोळ्यासमोर आणा. बाकीच्या जणी हसल्या. माझ्यासमोर नुसता पांढरा कपडा आला, त्याच्या आत काही नाही. सिद्धेश मागे बसून आकडे म्हणत होता, तो मध्येच थांबला. वळून पाहिलं तर तो उठून बाहेर गेलेला. नंतर म्हणाला, त्याच्याही समोर तोच कपडा आला. पण त्याने तिला पाहिलंय, तो सांगत नाही. विचारलं की म्हणतो, कशाला, आता पुढचं बघ. सासूबाई विषय काढला की उठून पोळ्या लाटायला बसतात, कणीक मळलेली नसली तरी.

या बाळाने काल दुपारभर हालचाल केली नाही. मी कल्याणला पळाले, मशीन लावल्यावर टकटक ऐकू आली, घरी आले, पायरीवर बसले तर पुन्हा तीच धास्ती. असं मी किती वेळा जायचं? तिथल्या सिस्टर चांगल्या आहेत, पण आता त्या मला लांबूनच ओळखतात आणि एकमेकींकडे बघतात.

मी ठरवलंय. कळा सुरू झाल्या तरी कोणाला सांगणार नाही. दार लावून घेईन. हॉस्पिटलात गेले की माझ्याभोवती पाचसहा माणसं जमतील, माझ्या भल्याचं काहीतरी ठरवतील आणि मला झोपवतील. इथे कोणाच्या हातात सुई नसेल. तुला म्हणून सांगतेय. सिद्धेशला सांगू नकोस.

तू तिला हातात घेतलेलं. एवढं मला माहीत आहे, कारण औषध चढताना शेवटचे मी तुझेच हात पाहिलेले. मावशी, मला काहीही चालेल. भयंकर असलं तरी चालेल. पण सांग.

माझ्यावर रागावू नकोस.

तुझीच,
रचना


वर्तकनगर, ठाणे,
१० फेब्रुवारी २०२५

चि. रचनास,
सप्रेम जयभीम.

सिद्धेशला इथेच बसवून ठेवले आहे आणि हे लिहिते आहे. तो आजच हे तुझ्या हातात देईल.

ती भयंकर नव्हती, बाळा. ती सुंदर होती. केस भरपूर, ओले, कपाळावर चिकटलेले, तुझ्या आईचे होते तसे दाट. कपाळ सिद्धेशचे. हनुवटीला तुझ्यासारखा बारीक खड्डा. डावा कान वरच्या बाजूला थोडा दुमडलेला होता, तो मी बोटाने सरळ केला, तो पुन्हा दुमडला. ओठ जांभळे होते, ते मी लपवत नाही. बोटे लांब होती. वजन चांगले होते, हातात घेतल्यावर माझा हात खाली गेला. अजून ऊब होती तिच्यात. ती ऊब तुझी होती.

तुझ्या सासूबाईंनी, कांताताईंनी, आपली जुनी मऊ सुती साडी फाडून तिला गुंडाळले. त्या रडल्या नाहीत, साडीची घडी पुन्हा पुन्हा नीट करत राहिल्या. सिद्धेशने तिला कल्याणच्या स्मशानभूमीपर्यंत स्वतः धरून नेले, कोणाच्या हातात दिले नाही. आम्ही त्रिसरण म्हटले. त्याचा आवाज निघत नव्हता, ओठ हलत होते. जागा मला माहीत आहे. तुला बरे वाटले की आपण दोघी जाऊ.

तू पाहिलेस तर उभी राहू शकणार नाहीस असे सगळ्यांना वाटले, आणि तुला विचारायचे कोणालाच सुचले नाही. नंतर तू गप्प होतीस म्हणून आम्हीही गप्प झालो. एवढेच आहे ते. याहून वेगळे काही कोणी तुझ्यापासून दडवलेले नाही.

आता माझे ऐक. दार लावायचे नाही. घरात सुई नसेल हे खरे, पण बाळाचे ठोके ऐकायचे मशीनही नसेल, रक्त गेले तर थांबवणारे कोणी नसेल. मी तुझ्या आईच्या वेळची माणूस आहे, बाळंतपणात काय काय होते ते मला सांगायला लावू नकोस. तू हॉस्पिटलातच जाशील. मी तुझ्या डोक्याशी उभी राहीन. ऐकू कमी येते, पण दिसते चांगले. कोणाच्या हातात काय आहे ते मी बघेन. डॉ. निशिगंधांना मी उद्या जाऊन भेटते आहे, सिद्धेश आणि कांताताईंना सोबत घेऊन. तिथे तिघांनाही कबूल करायला लावते की तुला विचारल्याशिवाय काही होणार नाही.

कळ आली की पहिला निरोप मला.

तुझी,
मायामावशी


टिटवाळा,
२१ मार्च २०२५

ती. मायामावशीस,
रचनाचा आणि एका चिमुकलीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तू माझ्या डोक्याशी होतीस, तरी ऑपरेशनच्या दारापाशी तुला थांबवलं, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. बाळ झोपलंय, हात मोकळा आहे, म्हणून लिहिते.

कळांत माझी कुठलीच पद्धत टिकली नाही, ते तू पाहिलंसच. श्वास विसरले, चेंडू लाथेने ढकलला. ऐश्वर्या मॅडमनी पाहिलं असतं तर फी परत केली असती. सिद्धेश पाठ दाबत होता तेवढंच खरं वाटत होतं. आणि तू शिकवलेला तो खालचा आवाज. सासूबाई म्हणाल्या, म्हैस हंबरतेय असं बाहेर ऐकू येत होतं. पण डोळे मी मिटले नाहीत. प्रत्येक कळेला तू लिहिलेला चेहरा समोर आणला, दुमडलेल्या कानासकट. या बाळाचा चेहरा मला माहीत नव्हता, म्हणून तिच्याकडेच बघत राहिले.

मग मशीनवरची टकटक मंदावली आणि सगळ्यांची पावलं बदलली. तो आवाज मला ओळखता येतो गं. डॉ. निशिगंधा माझ्या तोंडासमोर आल्या आणि म्हणाल्या की बाळ थकतंय, पोटातून काढावं लागेल, पाठीत इंजेक्शन देऊ का. एवढ्या घाईत त्या थांबल्या आणि माझ्या उत्तराची वाट बघत राहिल्या. मी विचारलं, मी झोपेन का? भूल देणारे डॉक्टर पुढे झाले. ते म्हणाले, कमरेखाली बधिर व्हाल, जाग्या राहाल, आणि मध्येच आणखी काही द्यावं लागलं तर तुम्हाला आधी सांगीन. मी म्हटलं, द्या. ज्या सुईपासून मी नऊ महिने पळत होते, ती मी माझ्या तोंडाने मागितली.

आत खूप थंडी होती. दात वाजत होते. पोटात कोणीतरी सामान हलवतंय असं वाटत होतं, दुखत नव्हतं. मग सगळे गप्प झाले. मावशी, ती शांतता मी आयुष्यात विसरणार नाही. मला वाटलं, झालं. मला वाटलं, निदान या वेळी मी इथे आहे. मी ओरडून सांगितलं की जशी असेल तशी मला दाखवा, गुंडाळू नका. आणि तेवढ्यात ती रडली. आधी मांजरासारखी, मग जोरात, रागाने.

त्यांनी तिला तशीच, पुसायच्या आधी, माझ्या गालाला लावली. चिकट, गरम, जड. मी तिला बघितलं. किती वेळ ते माहीत नाही. डोळे, नाक, सगळं. तिचे दोन्ही कान सरळ आहेत. ते बघून मला रडू आलं, आणि ते सुखाचं होतं की कशाचं ते मला सांगता येणार नाही.

घरी आलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या कमळाबाई जिन्यात भेटल्या. त्यांनी बाळाच्या गालाला हात लावला आणि कौतुकाने म्हणाल्या की पहिली बेटी म्हणजे घरात उजेड आला. मी काही बोलणार त्याआधी सासूबाई थांबल्या. पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, पहिली नाही कमळाबाई, ही दुसरी. पहिली गेली आमची. आणि पिशवी उचलून जिना चढायला लागल्या.

टाके सुकले की मला तिच्याकडे घेऊन चल. तुझा हात माझ्या डोक्यावर राहू दे.

तुझी,
रचना