देवऋष्याची छडी

शिरूर कासार, मंगळवार, सांजवेळ

आज मी एका माणसाला रक्त येईस्तोवर मारलं.

माझी मुक्ता आठ वर्षांची, बोलत न्हाई. डॉक्टर ऑटिझम म्हणतात, सासूबाई बाधा म्हणतात. दुष्काळात लोक पावसासाठी देवऋष्याकडं जातात, आमी तिच्या बोलण्यासाठी गेलतो. मी का म्हणून गेले? आशा, दुसरं काय.

त्यानं तिचे केस धरून पाठीवर छडी ओढली. "बोल, कोण हाईस तू?"

ती किंचाळली. परत छडी. मी ती हिसकावली अन् मोडेपर्यंत त्याच्या तोंडावर हाणली.

"देवी कोपंल!" सासूबाई ओरडल्या.

"कोपू द्या. लेक हाय माझी."

घरी येऊन तिच्या पाठीला हळद लावली, देवीपुढं दिवा लावला. माफी न्हाई मागितली. म्हटलं, आई, आता मधी कुणी नको. तू, मी अन् मुक्ता, आपण तिघीच.