लाल पट्ट्यातले दोन काटे

तीर्थरूप ताई,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे सध्या तो उभ्यानेच केला आहे, पण मनाने मी पूर्ण आडवा आहे असं समज.) तुझा गुडघा काय म्हणतो, लेकीची झोप होते का, आणि नात रडते ती आपल्या घराण्याच्या आवाजात की जावयाच्या, हे सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी, ही, आणि काचघरातली तुझी रोपं. यातली शेवटची खुशाली तू आधी शोधणार हे ठाऊक असल्यामुळे ती लगेच सांगून टाकली. तेव्हा घाई करून परत येऊ नकोस. लेकीजवळ हवं तितकं राहा. इथलं सगळं माझ्या हातात आहे.

निघताना तू "जगली तर जगली, मी काही मनाला लावून घेणार नाही" असं म्हणालीस आणि गाडीत बसता बसता दोनदा उतरून काचघरात जाऊन आलीस. मला कळत नाही असं नाही, ताई. दाजींनी दरवर्षी जपून ठेवलेलं ते टोमॅटोचं बी, त्यातलं उरलेलं चिमूटभर तू यंदा पेरलंस. दाजी गेले, पुडी रिकामी झाली, आता ही रोपं गेली तर ते वाण संपलं. हे तू बोलली नाहीस आणि मीही बोललो नाही. आपल्या घरात महत्त्वाचं काही बोलायची पद्धतच नाही. आपण फक्त गाडीतून उतरतो.

तू शिकवलेलं काम मात्र सोपं वाटलं होतं. काचघरात ती दोन काट्यांची तबकडी टांगलेली, एक काटा उष्णतेचा, दुसरा हवेतल्या ओलीचा. दाजींनी तुझ्या नेलपॉलिशने लाल पट्टा रंगवून ठेवलेला. (ती बाटली तू महिनाभर शोधत होतीस, आठवतं? मला तेव्हापासून ठाऊक होतं.) दोन्ही काटे पट्ट्यात ठेवायचे, एवढंच. गरम झालं की छताची झडप काठीने उचलायची, कोरडं झालं की फरशीवर पाणी शिंपडायचं, ऊन उतरायच्या आत झडप लावायची. मी शिंपी माणूस, जन्म मापं घेण्यात गेला. श्वास ओढून पोट आत घेणाऱ्या गिऱ्हाइकांची खरी मापं काढली, तिथे हवेची काय कथा, असं मला वाटलं.

पण हा वसंत म्हणजे एक लहरी प्राणी आहे. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा आणि चहाच्या वेळेला ढग. सकाळी उष्णतेचा काटा उठायलाच तयार नसायचा. दुपारी काचांवर ऊन आलं की असा उसळायचा की पट्टा मागेच राहायचा आणि ओलीचा काटा खाली बसायचा. झडप उघडली की उष्णता उतरायची, पण उरलीसुरली ओलही तिच्याबरोबर निघून जायची. पाणी शिंपडलं की ओल वर यायची, तेवढ्यात ढग यायचे आणि सगळं गार नि दमट होऊन छतातून थेंब टपकायचे, तेही बरोबर माझ्या टकलावर. दोन जावांसारखं चाललं होतं, एकीचं कौतुक केलं की दुसरी फुगलीच. माझ्या अगदी नाकी नऊ आले.

मग मला वाफेची इस्त्री आठवली. इस्त्रीचं टेबलच काचघरात हलवलं. कपडेही होतील आणि हवेला ओलही मिळेल. पहिल्याच दिवशी काचा अशा धुरकटल्या की आतला माणूस बाहेरून दिसेना. दुकानातल्या पडद्यापेक्षा हा आडोसा चांगला, म्हणून वकीलसाहेबांना (आपल्या गल्लीच्या तोंडाशी राहतात ते, नव्या सुटाच्या ट्रायलला आले होते) मी आतच बोलावलं. त्यांनी कोट चढवला, जुनी पँट उतरवली, नवीत पाय घालणार, तेवढ्यात ही आली. हिने दाराच्या फटीतून फक्त तबकडीकडे पाहिलं, ओलीचा काटा पट्ट्याच्या पार पुढे गेलेला. तुझ्या सूचना हिला माझ्यापेक्षा जास्त पाठ. बाहेरून काठी घालून झडप सताड उचलली, वर दारही उघडून दिलं. आणि ताई, काचा एकेक करून साफ होत गेल्या. बाहेर नेमक्या बालवाडीच्या बाई मुलांची रांग घेऊन चाललेल्या. मुलांनी हात हलवला. वकीलसाहेबांनी सवयीने उलट हात हलवला. तो हात रिकामा नव्हता, त्यात पँट होती.

कपडे घालून झाल्यावर त्यांनी नवा कोट घडी करून माझ्या हातात दिला. मग एवढंच म्हणाले, "मास्तर, यापुढे माझं माप अंदाजाने घेत जा."

हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्या वाफेने दोन रोपांनी माना टाकल्या. देठ बुडाशी मऊ पडले. ताई, खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली. दाजी ट्रेपुढे वाकून रोपांशी कसे बोलायचे ते डोळ्यांपुढे आलं, आणि आपण ही शेवटची पुडी वाफवून टाकली असं वाटून त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. (ही म्हणते, जेवलात, दोनदा भात घेतलात. पण चव लागली नाही हे हिला काय ठाऊक.)

दुसऱ्या दिवशी इस्त्री बाहेर काढली आणि मला एक युक्ती सुचली. हवा पट्ट्यात येत नसेल तर तबकडीच हवेकडे न्यावी. कोटाचा खांदा बसत नसेल तर आम्ही माणसाचा खांदा कापत नाही, शिवण सरकवतो. तसंच हे. दाराशी टांगून पाहिली, गार. वरच्या फळीला टांगली, भट्टी. शेवटी दुपारच्या वेळी पाण्याच्या पिंपाशेजारी, खालच्या फळीखाली धरली, तर दोन्ही काटे लाल पट्ट्यात मुकाट उभे. माझा जीव भांड्यात पडला. तुला फोनवर "दोन्ही काटे पट्ट्यात आहेत" असं सांगितलं ते त्याच दिवशी. त्यात खोटं काहीच नव्हतं. पिंपाजवळचे काटे, एवढं सांगायचं राहिलं.

तेव्हापासून माझा दिनक्रम ठरला. सकाळी तबकडी विटांच्या भिंतीला लावायची (रात्रीची ऊब ती भिंत धरून ठेवते), ऊन चढलं की पिंपाशेजारी, ढग आले की मधल्या फळीवर. जिथे काटे पट्ट्यात, तिथे तबकडी. आणि चमत्कार बघ, रोपं सुधारायला लागली. पानं ताठ झाली, देठ पेन्सिलीएवढे जाड झाले. मान टाकलेल्या दोघांपैकी एकाने मान वर केली. (दुसऱ्याचं मला वाईट वाटतं.) तबकडी खूश तर रोपं खूश, यामागे काहीतरी शास्त्र असणार, किंवा दाजींचा हात असणार, असं मी धरून चाललो. रोपांचे ट्रे मात्र सारखे इकडचे तिकडे झालेले दिसायचे. ही झाडताना हलवत असेल, म्हणून मी काही बोललो नाही.

आता काचघरात शिरलं की बोटांना तो टोमॅटोच्या पानांचा हिरवा वास लागतो, आणि कात्री हातात घेतली तरी जात नाही. नव्या कोटांनाही लागतो, गिऱ्हाइकं कुरकुरत नाहीत. येणारंजाणारं माणूस काचेशी थांबून पाहतं. वकीलसाहेबही थांबतात, बाहेरच. एकूण तुझा भाऊ या कामात तरबेज झाला आहे आणि तू निर्धास्त राहावंस, हे सांगण्यासाठी हा पत्राचा खटाटोप.

लेकीला आशीर्वाद, जावयांना नमस्कार, नातीच्या गालाला माझ्या वतीने एक बोट लाव. (धुऊन.)

तुझा धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी हिला वाचायला दिलं, तर ही हसत हसत इस्त्रीच्या टेबलावरच बसली. मी तबकडी जिथे जिथे टांगत होतो, तिथे तिथे माझ्यामागून ही ट्रे नेऊन ठेवत होती. "मला वाटलं, रोपांना कुठली जागा मानवते ते तुम्हाला कळतं," असं म्हणाली. ताई, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या एका तरी गोष्टीवर हिने न विचारता विश्वास ठेवला, आणि नेमकी तीच थाप होती. वर शास्त्राबद्दल लिहिलं आहे तिथे हिचं नाव घालून वाच.

दुसरा ता. क. आज सकाळी पहिली फुलं उमलली. पिवळी, खाली माना घातलेली. बंद काचघरात ना वारा ना मधमाशी, म्हणून दाजी रोज प्रत्येक फुलामागे हळूच टिचकी मारायचे, त्याशिवाय फळ धरत नाही, हे तूच सांगितलं होतंस. मी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. हिनेही तसंच केलं. हे काम आमचं नाही, ताई. घाई करू नकोस असं वर लिहिलं आहे, ते खोडायचं होतं पण शाई वाळली. ते वाचू नकोस. फुलं फार दिवस थांबत नाहीत. तू ये.

तिसरा ता. क. लेक आणि नात यांनाही घेऊन ये. पाळण्यासाठी तुझ्या खोलीत खिडकीपासून जरा आत जागा काढली आहे. सकाळपासून तबकडी तिथेच टांगली आहे, दोन्ही काटे पट्ट्यात आहेत.